अनंत चतुर्दशीच्या रात्री परतीची बस: अर्जात नेमके काय मागावे

आपली अडचण आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. आपण इंदूरच्या राजेंद्र नगरात राहता आणि दरवर्षी अनंत चतुर्दशीला सासूबाईंना व मुलांना घेऊन झांक्या, म्हणजे विसर्जन मिरवणुकीतले रोषणाईचे चित्ररथ, पाहायला जुन्या शहरातल्या राजवाड्याकडे जाता. जाताना बस राजवाड्याच्या बरीच अलीकडे उतरवते आणि रात्री अकरानंतर परतीची बस मिळत नाही, त्यामुळे रिक्षावाला मागेल ते भाडे द्यावे लागते. या वर्षी आपल्या महिला मंडळाला ‘सणाच्या दिवशी बस वाढवाव्यात’ असा अर्ज द्यायचा आहे आणि त्याचा मजकूर कसा असावा, असे आपण विचारले आहे. शहर बससेवेच्या फेऱ्या आणि चालक-वाहकांच्या पाळ्या आखण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की अर्ज जरूर द्यावा, पण त्यातली पहिली मागणी ‘बस वाढवा’ ही नसावी.

आपल्या तक्रारीत खरे तर दोन तक्रारी आहेत. बस अलीकडे उतरवते, ही पहिली. ती दूर होण्यासारखी नाही आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ती दूर होऊही नये, कारण लाखो माणसे रस्त्यावर असताना बारा मीटर लांबीची बस त्यांच्यात नेणे हे संकटाला आमंत्रण आहे. परतीची बस मिळत नाही, ही दुसरी तक्रार. ती मात्र बऱ्याच अंशी दूर करता येते आणि त्यासाठी लागणाऱ्या बस बहुधा शहरात आधीपासूनच असतात.

हे समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. आकडे मी केवळ उदाहरणासाठी घेतो. एखादा मार्ग १४ किलोमीटरचा आहे, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला ५० मिनिटे लागतात आणि प्रत्येक टोकाला बस १० मिनिटे थांबते, असे समजा. म्हणजे एक पूर्ण फेरी १२० मिनिटांची झाली. या मार्गावर १२ बस असतील, तर प्रवाशाला दर १० मिनिटांनी बस मिळते. अनंत चतुर्दशीला मधले रस्ते बंद होतात, बस वळसा घेते, त्या वळशावर सगळ्या शहराची वाहने आलेली असतात आणि तीच फेरी २४० मिनिटांची होते. बस १२ च आहेत, चालकही तितकेच आहेत, पण आता बस दर २० मिनिटांनी येते. प्रत्यक्षात तीही तशी येत नाही, कारण गर्दीत अडकलेल्या बस एकमेकींना गाठतात आणि तासभर काहीच न येता मग तीन एकदम येतात. थांब्यावरच्या माणसाला वाटते की बस बंद केल्या. आगारातल्या नोंदीत मात्र सर्व बस रस्त्यावर असतात. दोघांचेही खरे असते.

आता ‘बस वाढवा’ ही मागणी मान्य झाली, असे धरा. दर १० मिनिटांची सेवा परत आणण्यासाठी १२ ऐवजी २४ बस लागतील. एवढ्या बस एका रात्रीसाठी कोठून येणार, हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी त्या त्याच कोंडलेल्या वळशावर जाऊन फेरी आणखी लांबवतील. याउलट हाच मार्ग बंद क्षेत्राच्या कडेलाच तोडला, बस तेथूनच उलट फिरवली आणि मार्ग ९ किलोमीटरचा केला, तर फेरी ८० मिनिटांच्या आसपास येते आणि आहे त्याच १२ बसमध्ये दर सहा-सात मिनिटांनी बस सोडता येते. प्रवाशाला एक-दीड किलोमीटर चालावे लागेल, हे खरे. पण ते तसेही चालावे लागतेच. फरक एवढाच की चालून गेल्यावर पुढे बस उभी असेल.

इंदूरमध्ये फेरी इतकी का लांबते, याचे उत्तर शहराच्या नकाशात आहे. चल समारोह, म्हणजे झांक्यांची मिरवणूक, भंडारी मिलच्या बाजूने निघतो आणि चिकमंगळूर चौराहा, जेल रोड, एमजी रोड, कृष्णपुरा, नंदलालपुरा, जवाहर मार्ग, नृसिंह बाजार, सीतलामाता बाजार, गोराकुंड, खजुरी बाजार असा फिरून राजवाड्याला येतो. हुकुमचंद, राजकुमार, कल्याण, स्वदेशी आणि मालवा या गिरण्यांच्या झांक्यांची ही परंपरा शंभर वर्षांच्या आसपासची आहे. गिरण्या केव्हाच बंद पडल्या, हुकुमचंद मिल तर १९९१ मध्येच बंद झाली, तरी कामगारांनी झांक्या थांबवल्या नाहीत. मार्गही जुन्या शहराचाच राहिला आणि त्याबद्दल मला काहीही तक्रार नाही. मात्र वाहतुकीच्या दृष्टीने पाहिले, तर जुन्या शहरातून पूर्व-पश्चिम जाणारे दोन मुख्य रस्ते, एमजी रोड आणि जवाहर मार्ग, हे दोन्ही या एका मार्गात येतात. त्यात भर म्हणजे रेल्वेमार्ग शहराला दुभागतो आणि तो ओलांडायला जुन्या भागात भंडारी पूल, शास्त्री पूल आणि पटेल पूल असे मोजकेच पूल आहेत. त्यांपैकी भंडारी पूल मिरवणुकीच्या आरंभस्थानाजवळ, शास्त्री पूल एमजी रोडला लागून आणि पटेल पूल जवाहर मार्गाच्या तोंडाशी आहे. म्हणून त्या रात्री विजय नगरहून गंगवालकडे किंवा पलासियाहून बडा गणपतीकडे जाणारी बस ही वेळापत्रकावर दिसली, तरी व्यवहारात निरुपयोगी असते. शहर त्या रात्री दोन भागांत विभागलेले आहे, असे मानूनच बससेवा आखली पाहिजे: पश्चिमेची बस पश्चिमेलाच फिरावी, पूर्वेची पूर्वेलाच.

बीआरटीएसचा, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या मार्गिकेचा, येथे किती उपयोग होता, असे कोणी विचारील. राजीव गांधी चौराह्यापासून निरंजनपूरपर्यंतची ती साडेअकरा किलोमीटरची मार्गिका २०१३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती हटवण्याचे काम सुरू झाले. ती एबी रोडवर होती, राजवाड्यापर्यंत जात नव्हती. तरी स्वतंत्र मार्गिकेमुळे कडेच्या थांब्यापासून बस वेळेवर निघण्याची खात्री होती, ती आता राहिलेली नाही. मेट्रो ३१ मे २०२५ रोजी सुरू झाली, पण सुपर कॉरिडॉरवरच्या त्या टप्प्याचा झांक्यांच्या गर्दीशी संबंध येत नाही. मुंबईत विसर्जनाच्या रात्री जादा लोकल धावतात, पुण्यात २०२५ च्या विसर्जनाला मेट्रो रात्रभर चालू ठेवली गेली. आपल्याकडे जुन्या शहरात असे रुळांवरचे साधन नसल्यामुळे सगळा भार बसवर, रिक्षांवर आणि मॅजिकवर, म्हणजे छोट्या प्रवासी गाड्यांवर, येतो.

आता रात्री अकरानंतरच्या प्रश्नाकडे येऊ, कारण आपली खरी अडचण तीच आहे. बस रात्री का थांबते, याचे उत्तर प्रवासी बहुधा ‘बेफिकिरी’ असे देतात. मी ते पूर्णपणे नाकारत नाही, पण मुख्य कारण पाळ्यांचे आहे. दुपारची पाळी साधारणपणे दोनच्या सुमारास सुरू होते आणि आठ तासांनी, म्हणजे दहाच्या सुमारास, संपते. झांक्या पाहून कुटुंबे परतू लागतात ती नेमकी त्यानंतर. चालकाला ‘आज जरा थांब’ असे सांगून भागत नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. त्याच कायद्यात सणासुदीच्या प्रसंगी सक्षम अधिकाऱ्याच्या संमतीने दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४ तासांपर्यंत काम घेता येईल, अशी सवलतही होती. पुढे हा कायदा २०२० च्या श्रमसंहितेत सामावला गेला, पण थकलेल्या चालकाला मध्यरात्रीच्या गर्दीत बस चालवायला लावू नये, हा त्यामागचा विचार बदललेला नाही. दोन तास जादा घेतले, तरी बारापर्यंतच पोहोचतो. त्यामुळे खरा उपाय म्हणजे त्या दिवशी काही चालक-वाहकांची पाळी मुळातच संध्याकाळी सहाला सुरू करणे. त्यासाठी त्यांना दुपारच्या फेऱ्यांतून मोकळे करावे लागते. ज्या वर्षी त्या दिवशी रविवार किंवा स्थानिक सुट्टी येते, त्या वर्षी दुपारच्या फेऱ्या कमी केल्या तरी फारसे बिघडत नाही. कामाच्या दिवशी मात्र दुपारच्या प्रवाशाचे काही प्रमाणात नुकसान होते आणि हे अर्ज लिहिणाऱ्यांनी मान्य करायला हवे.

दुसरे कारण पैशाचे आहे आणि ते सहसा बोलले जात नाही. अनेक शहरांत बस खासगी ठेकेदाराच्या असतात आणि त्याला धावलेल्या किलोमीटरप्रमाणे पैसे मिळतात, किंवा तिकिटाचे उत्पन्न त्याचेच असते. बस गर्दीत दोन तास उभी राहिली, तर किलोमीटर होत नाहीत, फेऱ्या होत नाहीत, इंधन आणि पगार मात्र लागतात. सणाच्या रात्री बस लवकर आगारात परत नेणे हे त्याच्या दृष्टीने तोट्यातून सुटणे असते. यात कोणाचा दुष्टपणा शोधण्याची गरज नाही. कराराची मांडणीच तशी असते. एका शहरात आम्ही त्या एका रात्रीपुरते किलोमीटरऐवजी हजर राहिलेल्या तासांप्रमाणे मोबदला ठरवला होता. बस ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी उभी असली की तास मोजला जाई. त्यानंतर मध्यरात्री बस गायब होण्याचे प्रमाण बरेच कमी झाले. आपल्या अर्जात ही एक ओळ असली, तर वाचणाऱ्या अधिकाऱ्याला कळेल की अर्जदारांनी विचार करून लिहिले आहे.

बस कडेला आणून उभ्या करायच्या म्हणजे कोठे, हे ठरवताना नकाशावरचे अंतर पुरेसे नसते. मोठी बस एका दमात वळू शकेल एवढी जागा हवी, उजेड हवा, स्वच्छतागृह हवे आणि तेथून बाहेर जाणारा रस्ता मिरवणुकीचा मार्ग ओलांडणारा नसावा. या कसोट्यांवर माझ्या मते सरवटे आणि गंगवाल ही दोन बसस्थानके सर्वांत योग्य ठरतात. सरवटेहून नवलखा, भंवरकुआं आणि एबी रोडने राजेंद्र नगर-राऊ हा पट्टा आणि दुसऱ्या बाजूने गीता भवन-पलासियाचा पट्टा सांभाळता येतो. गंगवालहून चंदन नगर, फुटी कोठी, द्वारकापुरी हा पश्चिम भाग. उत्तरेसाठी मरीमाता चौराहा आणि ईशान्येच्या वस्त्यांसाठी मालवा मिल चौराह्याच्या पलीकडची एखादी जागा पाहता येईल. महू नाका सोयीचा वाटतो, पण तेथे रिक्षा आणि मॅजिक इतक्या दाटतात की बस वळवायला जागा उरत नाही. रिक्षा-मॅजिकना हाकलून द्यावे, असे मी म्हणत नाही. गल्लीबोळांत पोहोचवणारे तेच असतात. त्यांचा थांबा बसच्या थांब्यापासून शे-दीडशे मीटर दूर ठेवावा आणि त्या रात्रीपुरते वस्तीनिहाय भाड्याचे फलक लावावेत, एवढे पुरे.

बस किती माणसे नेऊ शकते, याबद्दलही अपेक्षा माफक ठेवावी. उभे प्रवासी धरून एका मोठ्या बसमध्ये साधारण ६० माणसे मावतात. तासाला ३,००० माणसे न्यायची असतील, तर ५० बस सुटाव्या लागतील, म्हणजे मिनिटाला जवळजवळ एक. क्रिकेटचा सामना संपल्यावर होते तशी गर्दी एकाच क्षणी बाहेर पडली असती, तर कोणतीही बससेवा कोलमडली असती. झांक्यांच्या गर्दीचा एक मोठा गुण असा की ती एकदम सुटत नाही. लहान मुले आणि वृद्ध असलेली कुटुंबे दहा ते एकच्या दरम्यान परततात, तरुण मंडळी पहाटेपर्यंत थांबतात आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे दुचाकी असते. म्हणून रात्रभर विरळ बस चालवण्यापेक्षा साडेदहा ते दीड या तीन तासांत दाट सेवा द्यावी आणि त्यानंतर पहाटेपर्यंत तासाला एक बस ठेवावी, असे मी सुचवीन.

चढण्याचा वेळ हा आणखी एक दुर्लक्षित भाग आहे. एका दाराने, वाहकाकडून सुटे पैसे घेत-देत माणसे चढली, तर साठ जणांची बस भरायला पाच-सात मिनिटे सहज जातात आणि मागची बस तोवर अडकून राहते. त्या रात्री सर्व अंतरांना एकच सपाट भाडे ठेवून तिकीट थांब्यावरच्या टेबलावर विकले आणि बसमध्ये दोन्ही दारांनी चढू दिले, तर तोच वेळ निम्म्यावर येतो. कवडीचाही नवा खर्च न करता मिळणारी ही वाढ आहे. तरीही ती वापरात आणायला सर्वांत जास्त विरोध होतो, कारण हिशेबाचे कागद बदलावे लागतात.

इतके करूनही बस कमी पडल्या, तर मग संख्या वाढवण्याचा प्रश्न येतो आणि तेव्हा शाळांच्या बसचा विचार करता येतो, कारण त्या रात्री त्या उभ्याच असतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ८७ मध्ये जत्रा आणि धार्मिक मेळावे अशा विशेष प्रसंगी प्रवासी नेण्यासाठी तात्पुरत्या परवान्याची सोय आहे. विमा, चालकाचा परवाना आणि बसची तपासणी या बाबी आधी पूर्ण कराव्या लागतात, म्हणून हे काम शेवटच्या दोन दिवसांत होत नाही.

माझे सर्व सांगणे परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही स्पष्ट करतो. भाद्रपदात मोठा पाऊस आला, तर गर्दी आधीच परतते आणि दहाच्या सुमारासच ताण येतो. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबर या एकाच दिवशी आल्या होत्या, २०२५ मध्ये त्या लागोपाठच्या दिवशी आल्या. अशा वर्षी पोलीसबळ विभागले जाते आणि थांब्यांवर रांग लावायला माणसे मिळत नाहीत. रस्त्याचे खोदकाम चालू असेल, तर कडेचे थांबे बदलावे लागतात. त्यामुळे अर्जात विशिष्ट जागांचा आग्रह धरण्यापेक्षा तत्त्व मागावे आणि जागा उदाहरणादाखल द्याव्यात.

म्हणजे मजकूर साधारण असा होईल: मिरवणुकीच्या दिवशी दुपारी चारनंतर शहरातील बसमार्ग बंद क्षेत्राच्या कडेलाच संपवावेत आणि तेथूनच परत फिरवावेत, रात्री साडेदहा ते दीड या वेळेसाठी स्वतंत्र पाळी लावावी, त्या रात्रीचा मोबदला हजेरीच्या तासांवर असावा, तिकीट थांब्यावर मिळावे, आणि शेवटच्या बसची वेळ किमान तीन दिवस आधी वर्तमानपत्रांत व थांब्यांवर जाहीर करावी. या शेवटच्या मागणीवर मी विशेष भर देईन. बस दीडला बंद होणार हे माहीत असलेले कुटुंब सव्वाला थांब्यावर येते. माहीत नसलेले कुटुंब एकतर अकरालाच घाईने निघते किंवा अडकते. वाहतूक पोलीस मार्गबदलाचा नकाशा दरवर्षी प्रसिद्ध करतात, पण तो वाहन चालवणाऱ्यांसाठी असतो. चालणाऱ्या माणसाने कोणत्या बाजूला बाहेर पडल्यास कोणती बस मिळेल, हे त्यात नसते. ते त्याच नकाशात छापायला सांगा.

अर्ज शहर बससेवेच्या कार्यालयाला लिहावा आणि प्रती वाहतूक पोलीस, महानगरपालिका व जिल्हाधिकारी कार्यालयाला द्याव्यात, कारण वर सांगितलेल्यांपैकी एकही गोष्ट एकटे बस कार्यालय करू शकत नाही. वेळ महत्त्वाची आहे. गणेश चतुर्थीनंतर दिलेला अर्ज पुढच्या वर्षासाठीच समजावा; पाळ्यांचे तक्ते तोवर ठरलेले असतात. श्रावण संपण्याच्या आत तो पोहोचला पाहिजे.

सासूबाईंसाठी या वर्षीचा उपाय वेगळा आहे. झांक्या राजवाड्याला पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटते, पण चिकमंगळूर चौराहा आणि जेल रोडच्या बाजूला त्या आधी येतात. सरवटेला उतरून शास्त्री पुलाच्या बाजूने एमजी रोडच्या अलीकडच्या टोकाला जागा धरावी, पहिल्या काही झांक्या आणि आखाडे (मर्दानी खेळ दाखवणारी पथके) पाहावेत आणि नेहमीच्या शेवटच्या बसच्या अर्धा तास आधी सरवटेला परत यावे. राजवाड्याच्या रोषणाईची मजा त्यात नाही, हे कबूल. ती आदल्या दिवशी पाहून घेता येईल.

आणि मंडळाला खरोखर पुढच्या वर्षी बदल घडवायचा असेल, तर या वर्षी चार-पाच जणींनी दोन ठिकाणी, गंगवाल आणि सरवटेला, रात्री दहा ते एक उभे राहून नोंद ठेवावी. कागद साधा असावा: वेळ, बसचा मार्ग, चढलेले प्रवासी आणि जागा न मिळाल्याने मागे राहिलेले प्रवासी. शेवटचा रकाना न चुकता भरा. चढलेल्यांचा आकडा तिकिटांच्या हिशेबात कार्यालयाकडे असतोच. मागे राहिलेल्यांचा आकडा त्यांच्या कोणत्याही नोंदीत नसतो, आणि सेवा वाढवायची की नाही हे ठरवणाऱ्या बैठकीत पहिल्यांदा तोच विचारला जातो.